लांब पल्ल्याची सायकल राइड आणि पायात येणारे गोळे : घरचे क्षार-पेय कसे बनवावे, किती प्यावे?

पहाटे पाचला पुण्याहून निघालात. कात्रज झाला, खंबाटकी झाला. वाईपर्यंत पाय छान चालले. आता समोर पसरणी घाट आणि वर पाचगणी. डोक्यावर दहाचे ऊन. घाटाच्या मध्यावर पोटरीत अचानक असा गोळा येतो की पेडल मारणे सोडा, सायकलवरून उतरणेही कठीण होते. शेजारून जाणारा कोणीतरी हमखास सांगतो, "मीठ कमी पडलं तुम्हाला. इलेक्ट्रोल प्या."

हा सल्ला अर्धा बरोबर आहे. अर्धा बरोबर असलेला सल्ला कधी कधी पूर्ण चुकीच्या सल्ल्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण माणूस त्यावर विसंबून राहतो. माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांमध्ये दोन टोके दिसतात. काहीजण सहा-सात तास नुसते साधे पाणी पितात. काहीजण प्रत्येक बाटलीत चमचाभर मीठ ढवळतात आणि रक्तदाबाची गोळीही घेत असतात. दोघांनाही वाटते की आपण योग्य तेच करतो आहोत. म्हणून गोळे का येतात, घरच्या पेयाचा उपयोग कुठे होतो, कुठे होत नाही आणि ते कोणी जपून घ्यावे, हे या लेखात सविस्तर पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• राइडमध्ये येणाऱ्या गोळ्यांचे सर्वांत मोठे कारण स्नायूंचा थकवा हे असते. पाणी आणि मीठ कमी होणे हे त्यात भर घालणारे कारण आहे.
• दीड तासापेक्षा लहान राइडला साधे पाणी पुरते. दोन तासांपेक्षा मोठ्या किंवा कडक उन्हातल्या राइडला मीठ-साखर असलेले पेय उपयोगी पडते.
• एक लिटर पाण्याला पाव चहाचा चमचा मीठ, आठ सपाट चमचे साखर आणि एक लिंबू हे प्रमाण बहुतेकांना पुरेसे आहे.
• तहान लागेल तसे प्या. राइडनंतर वजन वाढले असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायला आहात.
• रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

गोळा येतो म्हणजे नेमके काय होते?

स्नायू आकुंचन पावतो आणि सैल होतो, पुन्हा आकुंचन पावतो आणि सैल होतो. पेडल मारताना हे चक्र मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा चालते. गोळा येतो तेव्हा स्नायू आकुंचन पावतो, पण सैल होण्याचा संदेश त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तो दगडासारखा घट्ट होतो आणि दुखतो. सायकल चालवताना हे बहुधा पोटरीत, मांडीच्या मागच्या बाजूला किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला होते.

मीठ आणि गोळे यांचा संबंध वैद्यकशास्त्रात जुना आहे. इंग्लंडमधल्या खोल, गरम कोळसा खाणींत काम करणाऱ्या मजुरांना असे पेटके येत. घामातून मीठ जाते आणि मजूर त्या बदल्यात साधे पाणी पितात, म्हणून हे घडते, असे निरीक्षण १९२३ साली नोंदवले गेले. मीठ घातलेले पाणी दिल्यावर त्यांना फरक पडत असे. आजही भट्टीजवळ किंवा उन्हात दिवसभर राबणाऱ्यांना हे लागू पडते.

पुढे धावपटू आणि ट्रायथलॉन करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, तेव्हा वेगळे चित्र दिसले. ज्यांना गोळे आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या शरीरातल्या पाण्यात आणि रक्तातल्या सोडियममध्ये फारसा फरक नव्हता. फरक होता तो सरावाच्या तुलनेत जास्त वेगाने धावण्यात आणि पूर्वी गोळे आलेले असण्यात. दमलेल्या स्नायूला आकुंचनाचे संदेश जास्त मिळू लागतात आणि त्यांना आवर घालणारे संदेश कमी होतात, असे आज मानले जाते. गोळा बहुधा त्याच स्नायूत येतो ज्याने सर्वांत जास्त काम केलेले असते. मीठ कमी पडणे हे एकच कारण असते, तर हातापायांत सगळीकडे गोळे यायला हवे होते.

मग पेय कशाला? कारण पाणी आणि मीठ कमी झाले की तुम्ही लवकर दमता, आणि दमलात की गोळे येतात. शिवाय काहींच्या घामात मीठ खरोखरच जास्त असते. त्यांना पेयाचा फायदा स्पष्ट जाणवतो. पेय हा तयारीचा एक भाग आहे. नसलेल्या सरावाची भरपाई त्यातून होत नाही.

घामातून काय जाते?

सायकल चालवताना माणसाला तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. हवामान, वेग, वजन आणि सवय यांवर ते अवलंबून असते. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही आणि आणखी घाम येत राहतो. सोलापूर-विदर्भाच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो. त्यामुळे किती घाम गेला ते कळतच नाही, आणि हेही तितकेच फसवे आहे.

एक लिटर घामात साधारणपणे असे क्षार असतात:

• सोडियम : बहुतेकांमध्ये ४०० ते १५०० मिलिग्रॅमच्या दरम्यान
• पोटॅशियम : साधारण १५० ते २५० मिलिग्रॅम
• मॅग्नेशियम आणि कॅल्शियम : अगदी थोडे

म्हणजे भरून काढायचे ते मुख्यतः पाणी आणि सोडियम. पोटॅशियम एका केळ्यातून सहज मिळते. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात भरपूर होते, पण व्यायामातले गोळे त्यामुळे थांबतात असा भरवशाचा पुरावा नाही.

तुम्ही 'खारट घामाचे' आहात का? राइडनंतर काळ्या जर्सीवर किंवा हेल्मेटच्या पट्ट्यावर पांढरे डाग पडत असतील, घाम डोळ्यांत गेल्यावर जास्त झोंबत असेल आणि त्वचेवर मिठाची खरखर हाताला लागत असेल, तर तुमच्या घामात मीठ जास्त असण्याची शक्यता आहे.

मिठासोबत साखर का लागते?

मधुमेह नसलेलेही बरेच जण "साखर नको, नुसते लिंबू-मीठ घेतो" असे म्हणतात. इथे शरीराची एक युक्ती समजून घ्यायला हवी. लहान आतड्याच्या आतल्या थरात अशी वाहक यंत्रणा आहे जी ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणीही आत जाते. थोडी साखर सोबत असली की मीठ आणि पाणी दोन्ही लवकर शोषले जातात.

याच तत्त्वावर ओआरएस उभे आहे. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना तोंडाने पाजले आणि असंख्य जीव वाचले. तुमच्या बाटलीतले लिंबू-मीठ-साखरेचे पाणी त्याच शास्त्रावर चालते.

पण साखर जास्त झाली की उलटे होते. दाट गोड पेय पोटात जास्त वेळ राहते आणि आतड्यात पाणी ओढून घेते. पोट डचमळणे, मळमळ, जुलाब हे त्याचे परिणाम. राइडमध्ये उसाचा रस, कोल्ड्रिंक किंवा डब्यातला फळांचा रस प्यायल्यावर पोट बिघडते, त्यामागे बऱ्याचदा हेच असते.

घरचे पेय : प्रमाण आणि कृती

मोजण्यासाठी ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा वापरा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणाऱ्या मापाच्या टोपणावर ५ मिलिलिटरची खूण असते, तेही चालेल. घरातले चहाचे चमचे लहान-मोठे असतात, आणि शिगोशीग भरलेला चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. मिठाच्या बाबतीत हा फरक महागात पडतो. चमचा भरून वरून सुरीने सपाट करा.

१. लिंबाचे पेय (१ लिटर)

• उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे पाणी : १ लिटर
• साधे आयोडीनयुक्त मीठ : पाव चमचा सपाट (सुमारे दीड ग्रॅम, म्हणजे जवळपास ६०० मिलिग्रॅम सोडियम)
• साखर : ८ चमचे सपाट (सुमारे ३२ ग्रॅम)
• लिंबू : १ मध्यम, रस काढून गाळून

साखर-मीठ आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवा, मग उरलेले पाणी आणि लिंबू घाला. सायकलची बाटली ७५० मिलिलिटरची असेल तर बाटलीत मोजत बसू नका. घरी भांड्यात एक लिटर बनवा आणि त्यातून बाटली भरा.

चव घेऊन पाहा. ती लिंबू-सरबतापेक्षा फिकी आणि किंचित खारट लागली पाहिजे. अश्रूंपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झाले आहे, ते ओतून द्या आणि नव्याने करा.

२. गुळाचे पेय

साखरेऐवजी ३० ग्रॅम किसलेला गूळ घ्या, बाकी प्रमाण तेच. गूळ विरघळल्यावर पाणी गाळून घ्या, नाहीतर बाटलीच्या तोंडात कचरा अडकतो. गुळात थोडे पोटॅशियम असते, पण मुख्यतः ती साखरच आहे. मधुमेहींनी गूळ म्हणजे 'चालणारी साखर' असे समजू नये.

३. कोकमाचे पेय

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात कोकमाचे दोन प्रकार मिळतात. आगळ हा मीठ घातलेला रस असतो, तर अमृतकोकम हा साखरेचा पाक असतो. आगळ वापरत असाल तर वेगळे मीठ घालू नका, फक्त साखर घाला आणि चवीचा अंदाज घ्या. अमृतकोकम वापरत असाल तर वेगळी साखर नको, पाव चमचा मीठ मोजून घाला.

ज्यांचा घाम खारट आहे आणि ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास नाही, त्यांनी चार तासांपेक्षा मोठ्या राइडला मीठ अर्ध्या चमच्याच्या आतबाहेर नेले तरी चालते. त्याच्या पुढे जाऊ नका. जास्त खारट पाणी पोटात ठरत नाही, उलटी होते आणि आधीच कमी झालेले पाणी आणखी कमी होते.

स्वच्छता : पेय त्याच दिवशी सकाळी बनवा, त्याच दिवशी संपवा. उन्हात तापलेल्या बाटलीत साखरेच्या पाण्यात जंतू लवकर वाढतात. घरी आल्यावर बाटलीचे तोंड उघडून ब्रशने धुवा, तिथे काळी बुरशी बसते. मोठ्या राइडला एका लिटरचे कोरडे साखर-मीठ मोजून छोट्या पुड्या करून न्या आणि वाटेत सीलबंद पाण्यात मिसळा.

दुसरे पर्याय कितपत चांगले?

ओआरएसची पुडी : जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरमागे सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असते. ते जुलाबासाठी ठरवलेले प्रमाण आहे. खूप घाम येणाऱ्यांना मोठ्या राइडला ते चालते, पण रोजच्या तासाभराच्या फेरीला त्याची गरज नाही. एका लिटरची पुडी एका लिटरमध्येच मिसळा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी ओतू नका.

दुकानातली तयार पेये : ओआरएससारखी दिसणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरू नये, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. घेताना मागचे लेबल वाचा. १०० मिलिलिटरमध्ये साखर ८ ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते राइडसाठी फार दाट आहे.

शहाळे : छान पेय, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम त्या मानाने बरेच कमी असते. घामातून जाते ते नेमके सोडियम. म्हणून शहाळ्यासोबत चिमूटभर मीठ किंवा खारे शेंगदाणे घ्या.

ताक : मीठ घातलेले ताक थांब्यावर किंवा राइड संपल्यावर उत्तम. बाटलीत भरून उन्हात नेऊ नका.

सैंधव आणि पादेलोण : दोन्हींत मुख्य भाग सोडियम क्लोराइडचाच असतो. चवीला चालतात, पण 'नैसर्गिक' म्हणून जास्त घालू नका.

किती आणि केव्हा प्यायचे?

"दर पंधरा मिनिटांनी, तहान असो वा नसो, प्या" हा सल्ला आता मागे पडला आहे. तहान ही शरीराची बऱ्यापैकी भरवशाची घंटा आहे. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. वजन कमी असेल, वेग कमी असेल किंवा थंडी असेल तर त्याहूनही कमी लागते. एकदम बाटली रिकामी करण्यापेक्षा घोट-घोट घ्या. दोन बाटल्या लावत असाल तर एकीत पेय आणि दुसरीत साधे पाणी ठेवा. तोंड खळखळायला आणि डोक्यावर ओतायलाही साधे पाणी लागते. गोड-आंबट पेयाने दात खराब होतात, म्हणून मधूनमधून साध्या पाण्याने चूळ भरा.

स्वतःचा घाम मोजून पाहायचा असेल तर घरच्या वजनकाट्यावर ही चाचणी करा:

१. राइडपूर्वी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा.
२. नेहमीच्या वेगाने एक तास सायकल चालवा. किती प्यायलात ते मोजा.
३. परतल्यावर अंग पुसून, त्याच कपड्यांत वजन करा.
४. कमी झालेले वजन अधिक प्यायलेले पाणी म्हणजे तासाभराचा घाम.

समजा, आधी वजन ७२ किलो होते, नंतर ७१.३ भरले आणि तुम्ही अर्धा लिटर प्यायलात. ०.७ अधिक ०.५, म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. हा सगळा घाम राइडमध्येच भरून काढायचा नसतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट निरोगी माणसाला चालते. ७२ किलोच्या माणसासाठी ती दीड किलोच्या आसपास होते. उरलेले नंतर वरण-भात, लोणचे आणि ताकाच्या जेवणात भरून निघते.

पेयातून ऊर्जा थोडीच मिळते. वर दिलेले पेय तासाला ६०० मिलिलिटर प्यायलात तर जेमतेम १९ ग्रॅम साखर पोटात जाते. मोठ्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. म्हणून सोबत केळे, खजूर, राजगिऱ्याची वडी किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा ठेवा. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. तिथे नुसत्या पेयावर कोणाचे पाय टिकत नाहीत.

जास्त साधे पाणी पिण्याचा धोका

हा भाग कृपया गाळू नका. पाणी कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते, जास्त झाल्याची कोणालाच नसते. पाच-सहा तास भरपूर साधे पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होत जाते. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. व्यायामाच्या वेळी शरीर लघवीही रोखून धरते, त्यामुळे जास्तीचे पाणी बाहेर पडत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के धावपटूंमध्ये सोडियम कमी आढळले. शर्यतीत वजन वाढणे हे त्यातले सर्वांत ठळक लक्षण होते. हळू धावणाऱ्यांना, म्हणजेच जास्त वेळ पीत राहणाऱ्यांना, धोका अधिक होता.

लक्षणे अशी: मळमळ, डोकेदुखी, पोट फुगणे, बोटे सुजून अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणे, नंतर गोंधळल्यासारखे बोलणे आणि शेवटी झटके. सोबतच्या माणसाला हा उन्हाचा त्रास वाटतो आणि तो आणखी पाणी पाजतो. तिथेच घात होतो. मीठ घातलेले पेयही प्रमाणाबाहेर प्यायले तर हा धोका टळत नाही, कारण ते घामापेक्षा पातळच असू शकते. तहानेपेक्षा जास्त न पिणे हाच यावरचा खरा उपाय.

गोळा आला तर काय करावे?

१. सायकल बाजूला घ्या आणि थांबा. उतारावर गोळा आला तर आधी वेग आवरा.
२. आखडलेला स्नायू हळूहळू ताणा. पोटरीसाठी गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे स्वतःकडे ओढा. मांडीच्या मागच्या बाजूसाठी टाच समोर टेकवून, पाय सरळ ठेवून पुढे वाका. मांडीच्या पुढच्या बाजूसाठी आधार धरून टाच मागे नितंबाकडे न्या.
३. वीस ते तीस सेकंद ताण धरा, सोडा, पुन्हा धरा. झटके देऊ नका.
४. स्नायू सैल झाल्यावर हलक्या हाताने चोळा आणि पेयाचे काही घोट घ्या.
५. निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटे हलक्या गिअरवर चालवा.

लोणच्याच्या खाराबद्दल अनेकजण विचारतात. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीच्या खारावर अमेरिकेत प्रयोग झाले आहेत. मुद्दाम आणलेला गोळा हा खार प्यायल्यावर साध्या पाण्यापेक्षा लवकर, सुमारे दीड मिनिटात सुटला. इतक्या वेळात मीठ रक्तात पोहोचत नाही. आंबट-खारट चवीने घशातल्या नसांमार्फत स्नायूकडचे संदेश शांत होत असावेत, असा अंदाज आहे. आपले लोणचे तेलाचे असते, ते सायकलवर पचणार नाही. पण मिठात मुरलेल्या लिंबाची एखादी फोड चघळून पाहायला निरोगी माणसाला हरकत नाही.

गोळे टाळण्यासाठी सायकलकडेही पाहा. सीट फार उंच असेल तर प्रत्येक फेरीत पोटरी ताणली जाते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. चढावर जड गिअर रेटू नका. सुरुवातीचे तीस किलोमीटर मित्रांच्या वेगाने न जाता स्वतःच्या वेगाने जा. पंढरपूरच्या सायकल वारीला किंवा पहिल्या दोनशे किलोमीटरला जाण्याआधी काही आठवडे अंतर हळूहळू वाढवत न्या. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घामातले मीठही आपोआप कमी होते.

कोणी आधी डॉक्टरांना विचारावे?

उच्च रक्तदाब : जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. हे पेय मोठ्या राइडच्या दिवसापुरते आहे, रोज ऑफिसमध्ये पिण्यासाठी नाही.

पाण्याच्या गोळ्या आणि रक्तदाबाची इतर औषधे : लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम-पोटॅशियम आधीच कमी झालेले असू शकते. गोळे येण्याचे ते एक कारणही असते. उलट टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या औषधांनी पोटॅशियम वाढू शकते. अशांनी पेयात 'लो सोडियम' मीठ वापरू नये, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. शहाळीही बेताने घ्यावीत. मात्र कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मधुमेह : इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर लांब राइडमध्ये एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे पेयातली साखर सरसकट काढून टाकणेही धोक्याचे. राइडपूर्वी साखर तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा आणि डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर लघवीवाटे पाणी जास्त जाते, हेही सांगा.

मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार : पाणी आणि मीठ दोन्हींची मर्यादा तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली असते. या लेखातले प्रमाण तुमच्यासाठी नाही.

आणखी एक सूचना सगळ्यांसाठी. पाय दुखू नयेत म्हणून राइडआधी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. शरीरातले पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

दवाखान्यात केव्हा जावे?

ताबडतोब (१०८ वर फोन करा) :
• गोंधळ, असंबद्ध बोलणे, झटके, बेशुद्धी. अशा माणसाला तोंडाने काहीही पाजू नका.
• अंग भट्टीसारखे तापणे आणि सोबत गोंधळ. हा उष्माघात असू शकतो. रुग्णवाहिका येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओता आणि वारा घाला.
• छातीत दुखणे, धाप, घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी.

त्याच दिवशी :
• लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे आणि स्नायू खूप दुखणे. स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ती खूण असू शकते.
• एकाच पोटरीला सूज, लाली, गरमपणा.
• वारंवार उलट्या, किंवा आठ तासांत लघवीच न होणे.

सवडीने, पण नक्की :
• व्यायाम नसतानाही रात्री वारंवार गोळे येणे
• ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी दुखणे आणि थांबल्यावर बरे वाटणे
• कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासून स्नायू दुखणे

थायरॉइड, रक्तवाहिन्या, मणक्यातली नस किंवा औषधे, यांतले कोणतेही कारण त्यामागे असू शकते. ते लिंबू-मिठाने बरे होणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

राइडच्या आदल्या रात्री जास्त मीठ खाल्ले तर चालेल का?
उपयोग नाही. शरीर जास्तीचे मीठ लघवीतून टाकते आणि रात्रभर तहान लागते. नेहमीचे जेवण जेवा आणि वेळेवर झोपा.

राइडच्या मध्यावर चहा चालेल का?
एक-दोन कप चहाने शरीरातले पाणी कमी होत नाही. हवा असेल तर जरूर घ्या.

बिअरने पाय मोकळे होतात का?
नाही. मद्याने लघवी वाढते आणि शरीर सावरायला वेळ लागतो.

पुढच्या मोठ्या राइडआधी एक करा. एखाद्या रविवारच्या छोट्या फेरीत हे पेय करून पाहा, वजन मोजा आणि पोटाला मानवते का ते बघा. घाटाच्या मध्यावर नवीन प्रयोग करू नका. आणि तुमच्या रोजच्या गोळ्यांच्या यादीची एक चिठ्ठी सीटखालच्या पिशवीत ठेवा. रस्त्यात काही झाले, तर तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांना सर्वांत आधी तीच लागेल.